रम असूनही आंबलेलं ॲपल बटर: एका पातेल्याची पूर्ण तपासणी

ताईने (माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी) एका रविवारी सकाळी फोटो पाठवला. काचेची बरणी, आत तपकिरी ॲपल बटर, झाकण मधोमध फुगलेलं आणि काचेला आतून चिकटलेले बारीक बुडबुडे. खाली एकच ओळ, "अगं यात रम आहे तरी असं कसं झालं?" मला त्या "तरी" मध्येच अर्धं उत्तर दिसलं होतं, पण लगेच बोलले नाही. ताईला काही सांगायचं तर आधी तिचं सगळं ऐकून घ्यावं लागतं.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी, फ्रूट बटरमध्ये लोणी नसतं. फळ शिजवायचं, त्याचा गर काढायचा आणि तो मंद आचेवर इतका आटवायचा की ब्रेडवर लोण्यासारखा पसरेल, म्हणून बटर. जॅम घट्ट होतो तो पेक्टिन (फळातलाच घट्टपणा आणणारा पदार्थ), साखर आणि आंबटपणा जुळून आले की. बटर घट्ट होतं ते मुख्यतः पाणी उडून गेल्यामुळे. साखर जॅमपेक्षा बरीच कमी, मसाला भरपूर, आणि हौस असेल तर शेवटी थोडी रम, ब्रँडी किंवा व्हिस्की. कृती म्हणून एवढंच. बाकी सगळा खेळ पाण्याचा आहे हे ताईला कुणी सांगितलं नव्हतं.

तर तिने केलेलं असं. ३ किलो सफरचंदं, सालं आणि मधला गाभा काढून साधारण २४०० ग्रॅम फोडी. अर्धा लिटर पाणी, अर्धा किलो साखर. दालचिनीपूड दोन टेबलस्पून, ताजी दळलेली लवंगपूड एक टेबलस्पून आणि वर आणखी थोडी (ही "आणखी थोडी" नंतर महागात पडली), जायफळ. रम ५० मिली सुरुवातीलाच, "म्हणजे मुरेल". सगळं एकदम उभट खोल पातेल्यात, फोडी मऊ झाल्यावर ब्लेंडर फिरवला आणि मग एकूण अडीच तास गॅसवर. शेवटी चव घेतली तर रमचा पत्ताच नाही, म्हणून गॅस बंद करून आणखी १०० मिली ओतली. कोमट होऊ दिलं, गरम भरलं तर काच तडकेल म्हणून. बरण्या साबणाने धुऊन फडक्याने पुसलेल्या. भरल्या, झाकणं घट्ट लावली, रात्रभर उलट्या ठेवल्या कारण तशाने सील होतं असं कुणीतरी सांगितलेलं. नऊ बरण्या झाल्या, प्रत्येकीत २८० ग्रॅम. चार वाटल्या, पाच कपाटात.

तक्रारी चार. एक, बटर पातळ आहे, बशीत घेतलं की कडेने पाणी सुटतं. दोन, कडू लागतं आणि जीभ बधिर होते. तीन, रमचा वास नाकात जातो पण चवीत मिसळलेली नाही, वेगळी तरंगते. चार, तिसऱ्या आठवड्यात एक बरणी फुगली आणि दुसरीवर पांढरी-हिरवी बुरशी. जिजूंचं निदान तयारच होतं, रम चांगली नव्हती. बाटली त्यांचीच होती हे विशेष.

मी दुपारी वजनकाटा घेऊन तिच्याकडे गेले. बटर बिघडल्यावर वजनकाटा कशाला असं तिने विचारलंच, पण या प्रकरणाचा पंचनामा वजनानेच होतो. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे २४०० ग्रॅम फोडींमध्ये पाणी सोडून उरतं ते ३६० ग्रॅमच्या आसपास, त्यात साखर ५०० मिळवली की ८६० ग्रॅम. पातेल्यात सुरुवातीला सगळं मिळून ३४०० ग्रॅम होतं. अमेरिकेच्या अन्न नियमांत ज्याला फ्रूट बटर म्हणून विकायचं त्यात विरघळलेले घन पदार्थ किमान ४३ टक्के लागतात, घरी तो आकडा तंतोतंत पाळायची गरज नाही आणि माझ्या हिशोबात सफरचंदाचा चोथाही धरलाय, पण अंदाजाला चांगला आहे. ८६० भागिले ०.४३ म्हणजे २००० ग्रॅम. ताईच्या नऊ बरण्यांत किती होतं? २५२०. म्हणजे घन पदार्थ ३४ टक्के, आणि जवळजवळ अर्धा किलो पाणी जास्त. त्यात शेवटी ओतलेली १०० मिली रमही आली, कारण रम म्हणजे सुद्धा साठ टक्के पाणीच की.

"पण मी अडीच तास शिजवलं गं!"

मी विचारलं, झाकण होतं का? जरा थांबून म्हणाली, "हो मग, उडत होतं ना सगळीकडे, याच्या हातावर उडालं म्हणून झाकण ठेवलं." किती वेळ? दीड तास. झालं! पातळ असताना गर साधा उकळतो पण घट्ट व्हायला लागला की वाफ सहज बाहेर पडत नाही, खाली साठते आणि मग एकदम फुटते, चिखलातून बुडबुडा फुटावा तसा, आणि तो थेंब साखरेचा असल्यामुळे कातडीला चिकटून भाजतो. म्हणजे झाकण ठेवायची बुद्धी होणं साहजिक आहे. पण झाकणावर जमलेली वाफ थेंब होऊन परत आत पडते, त्यामुळे दीड तास बटर फक्त गरम होत राहिलं. त्यात पातेलं उभट, पृष्ठभाग लहान. पसरट भांड्यात हेच काम बरंच लवकर होतं, आणि उडण्याची भीती असेल तर वर जाळीचं झाकण ठेवायचं, ज्यातून वाफ जाते आणि थेंब अडतो. घड्याळ लावून आटवणं ही सवयच मोडायला हवी असं मला वाटतं, कारण आच, भांडं, फळ सगळं बदलतं आणि "अडीच तास" या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता कडूपणा. ताईने चव घेतली तेव्हा पातेल्यात ३४०० ग्रॅम होतं, लवंग लागत नव्हती म्हणून आणखी टाकली. पाणी उडतं, लवंगेची तिखट-कडू बाजू उडत नाही. ३४०० चं २४०० झालं म्हणजे मसाला जवळजवळ दीडपट तीव्र झाला, आणि नीट आटवून २००० वर आणलं असतं तर १.७ पट झाला असता, म्हणजे आटवणं अर्धवट राहिलं ते या बाबतीत नशीबच. जीभ बधिर होते ती लवंगेतल्या युजेनॉलमुळे, दातांचे डॉक्टर वापरतात तेच. गंमत अशी की अडीच तासांच्या वाफेबरोबर मसाल्याचा सुगंध बराचसा निघून जातो आणि मागे तुरटपणा, कडवटपणा जास्त राहतो, म्हणजे पूड आधी टाकून दोन्हीकडून तोटा. दालचिनीपूड तर गरात फुगून किंचित बुळबुळीतही होते. पातेल्यात असताना पातळ बटर तिला "जरा दाट झालंय" असं वाटलं त्यात याचा हात असावा.

रमवर आमचं सगळ्यात जास्त भांडण झालं. ताईच्या डोक्यात रमबद्दल एकाच वेळी दोन गोष्टी होत्या, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत हे तिला कधी खटकलंच नव्हतं. पहिली, रममुळे बटर टिकेल. दुसरी, शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं त्यामुळे कुणालाही द्यायला हरकत नाही. अगं उडून गेलं तर टिकवणार कोण?

खरं काय ते दोन्हीच्या मधे आहे. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते शुद्ध अल्कोहोल. पाण्यात मिसळलेलं असेल तर ते पाण्याबरोबर हळूहळू जातं. अमेरिकेत यावर १९९२ साली प्रत्यक्ष मोजून अभ्यास झाला आणि तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यात असे आकडे येतात: उकळत्या पदार्थात ओतून लगेच आचेवरून उतरवलं तर ८५ टक्के राहतं, पंधरा मिनिटं मंद शिजवलं तर ४०, तासाभराने २५, दोन तासांनी १०, अडीच तासांनी ५. तुमच्या पातेल्यात थोडं इकडेतिकडे होणारच. ताईच्या पहिल्या ५० मिलीत अल्कोहोल २० मिली (रम ४० टक्क्यांची धरली तर), त्यातलं उरलं जेमतेम एक मिली, झाकणामुळे कदाचित थोडं जास्त. ती रम अक्षरशः वाया. नंतरच्या १०० मिलीत ४० मिली अल्कोहोल, ते जवळजवळ सगळं राहिलं, ३४ मिली धरा. सव्वादोन लिटरच्या आसपास बटरमध्ये ३५ मिली म्हणजे दीड टक्का. यीस्टला दीड टक्का म्हणजे काहीच नाही, ते स्वतःच वाईनमध्ये बारा-चौदा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल बनवत बसतं. अल्कोहोलच्या जोरावर काही टिकवायचं तर साधारण अठरा-वीस टक्के लागतं, पोर्टसारख्या वाईनमध्ये ब्रँडी घालून तेवढंच करतात. बटर त्या पातळीला न्यायचं म्हणजे ते चमच्याने न खाता ग्लासातून प्यावं लागेल.

थोडक्यात रमवर ज्या कामाची जबाबदारी टाकली ते तिचं कामच नव्हतं. मग बरणी फुगली कशामुळे? साखर जॅमपेक्षा कमी, मोकळं पाणी भरपूर, भरताना बटर कोमट, बरणी फक्त धुतलेली, फडकं ओट्यावरचं, आणि भरल्यावर बरणी उकळलीच नाही. उलटी ठेवल्याने झाकण चिकटल्यासारखं वाटतं पण आतलं यीस्ट आणि बुरशी मरत नाही. सफरचंद आंबट असतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) साधारण ३.३ ते ४, त्यामुळे बोट्युलिझमची (हवाबंद बरणीत वाढणाऱ्या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची) भीती इथे मुख्य नाही, ती रेघ ४.६ च्या वर सुरू होते. पण यीस्ट आणि बुरशीला आंबटपणा चालतो. फुगलेल्या बरणीत चक्क आंबवणं चालू होतं, म्हणजे ताईने रम घातली ती घातलीच, वर बटर स्वतःही थोडं अल्कोहोल बनवायला लागलेलं.

बुरशीच्या बरणीवर तिचं म्हणणं, वरचा थर काढू आणि खालचं परत उकळू. नाही. सफरचंदावरच्या काही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष बनवतात, ते थराखालीही उतरतं आणि आंबट पदार्थात उकळूनही पुरतं जात नाही. दोन्ही बरण्या टाकल्या. उरलेल्या तीन चांगल्या दिसत होत्या पण त्याच पातेल्यातल्या, तशाच भरलेल्या, तीन आठवडे कपाटात, त्याही टाकल्या. ताईचा चेहरा बघवत नव्हता.

त्याहून अवघड काम पुढे होतं, ज्यांना चार बरण्या दिल्या त्यांना फोन. तीन फोन सोपे, "खाऊ नका, टाकून द्या, सॉरी". चौथ्या घरी कुणीच दारू घेत नाही, आणि देताना ताईने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की रम उडून जाते हो, काही राहत नाही. एका चमच्यात अल्कोहोल किती, तर पाव-अर्धा मिलीच्या आत, नशा वगैरे काही नाही. पण प्रश्न नशेचा नाहीये. कुणी धर्मामुळे घेत नाही, कुणी व्यसन सोडलेलं असतं, कुणी गरोदर असतं, त्यांना खरं सांगून ठरवू द्यायला हवं होतं. ताईने फोन केला, खरं सांगितलं, समोरच्या काकू दोन क्षण गप्प आणि मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, आम्ही अजून उघडलीच नव्हती." तेव्हापासून ताई बरणीवर चिठ्ठी लावते, त्यात "रम आहे" हे नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

दोन आठवड्यांनी आम्ही परत केलं, या वेळी २ किलोच, कारण मोठ्या घाण्यात चुकाही मोठ्या. आधी चार दिवस ६० मिली रममध्ये दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा, सुंठेचा खडा आणि जायफळाचे दोन तुकडे बुडवून ठेवले. मसाल्याचा सुगंध तेलात असतो आणि ती तेलं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त चांगली उतरतात. माझ्या मते फ्रूट बटरमध्ये दारूचा खरा उपयोग हाच, ती मसाल्याचं वाहन आहे. शिवाय ही रम थेंबाथेंबाने घालता येते, पुडीसारखं "पडली ती पडली" होत नाही.

सफरचंदं या वेळी सालीगाभ्यासकट चिरली, पेक्टिन तिथेच जास्त असतं. पाव लिटर पाणी, एका लिंबाचा रस, झाकण ठेवून अर्धा तास. इथे झाकण हवंच कारण नुसतं मऊ करायचंय. मग पुरणयंत्रातून गर काढला. बिया असताना ब्लेंडर लावू नका, बिया फुटल्या की कडू होतं आणि ती चांगली गोष्टही नाही. गर निघाला १८०० ग्रॅम, साखर ३०० घातली, एकूण २१००. रिकाम्या कढईचं वजन आधीच करून कागदावर लिहिलेलं, ११०० ग्रॅम. सफरचंदातले घन अंदाजे २५० आणि साखर ३००, म्हणजे ५५०, त्याला ०.४३ ने भागून १२८० च्या आसपास थांबायचं. कढईसकट काट्यावर २३८० दिसलं पाहिजे. ताईने तो आकडा फ्रीजवर चिकटवला, जिजू येताजाता वाचत होते.

आता झाकण नाही, वर जाळी. पहिला अर्धा तास मध्यम आच, मग मंद, आणि शेवटी तर उलथणं बुडाशी फिरवत राहायचं, कारण पाणी कमी होतं तसं साखर बुडाला धरते. एकदा आम्ही बोलण्यात गुंतलो आणि करपल्याचा किंचित वास आला. अशा वेळी खरवडायचं नाही! वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओतलं, बूड तसंच सोडलं, पन्नासेक ग्रॅम गेलं पण चव वाचली. (भांडं बदललं की रिकाम्या भांड्याचं वजनही बदलतं, हे माझ्या दहा मिनिटांनी लक्षात आलं आणि तोवर मी ताईला चुकीचा आकडा ओरडून सांगत होते.) ज्यांना उभं राहायचं नाही त्यांनी ओव्हनमध्ये १२० ते १३० अंशावर पसरट ट्रेमध्ये उघडं ठेवून दर वीस-पंचवीस मिनिटांनी ढवळावं, वेळ जास्त लागतो पण करपणं कमी. फक्त दारू घातल्यानंतर ओव्हनमध्ये अजिबात ठेवू नका, बंद जागेत तिची वाफ साठते.

वजन जवळ आल्यावर बशीची परीक्षा. फ्रीजमधल्या थंड बशीवर चमचाभर बटर, दोन मिनिटं थांबायचं, कडेने पाण्याचं कडं सुटलं नाही आणि ढीग ढिगासारखा राहिला म्हणजे झालं. आम्ही १२०० ला थांबलो, जरा जास्तच आटलं होतं पण रम पडणार होती म्हणून चाललं. मीठ चिमूटभर. मग गॅस पूर्ण बंद, नुसता बारीक नाही, ४० टक्क्यांची दारू गरम भांड्यावर ओतली की वाफ ज्योतीवर पेट घेऊ शकते. मसाल्याची रम गाळून आधी एक टेबलस्पून, ढवळून थंड चमच्यावर चव, मग दुसरा. दोनवर थांबलो. ताईचा हात तिसऱ्याकडे गेला होता, मी धरला.

बरण्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात होत्या त्या तशाच गरम बाहेर काढल्या, गरम बरणीत गरम बटर, काच तडकायचा प्रश्नच नाही. वर बोटाच्या अर्ध्या पेराहून थोडी कमी जागा, काठ स्वच्छ पुसून नवी झाकणं, आणि पूर्ण बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. समुद्रसपाटीजवळ ॲपल बटरच्या छोट्या बरणीला पाच पुरतात, तीनशे मीटरच्या वर दहा, अठराशेच्या वर पंधरा, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. एवढा व्याप नको असेल तर सरळ फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाका. मी स्वतः बहुतेक वेळा फ्रीझरच करते.

चार बरण्या आणि एक वाटी. वाटीतलं त्याच दिवशी खाल्लं तर रम अजून थोडी पुढे-पुढे करत होती, लवंग मागे. दहा दिवसांनी पहिली बरणी उघडली तेव्हा दोन्ही बसल्या होत्या, पाणी सुटलेलं नाही, जीभ जागेवर. सहाव्या आठवड्यात शेवटची उघडली, झाकणाने "टक्" केलं. बटर जरा घट्टच आहे, उन्हाळ्यातली सफरचंदं असतील तर मी पन्नास ग्रॅम आधी थांबेन.

आता ताईला हेच भोपळ्याचं करायचंय, ब्रँडी घालून, बरण्या भरून कपाटात. भोपळ्याचा पीएच ४.६ च्या वर आणि गर इतका दाट की मधोमध उष्णता नीट पोचत नाही, त्यामुळे घरी बरणीत भरून बाहेर ठेवायची सुरक्षित पद्धतच नाही, लिंबू पिळूनही नाही. केळ्याचंही साधारण तसंच, तेही थंडच ठेवायचं. मी तिला म्हटलं कर की, पण फ्रीझर रिकामा कर आधी. तर म्हणाली, "अगं पण ब्रँडी असणार ना त्यात."